आधारची झेरॉक्स, अंगठा आणि बँक खातं : काय द्यायचं आणि कुठे अडवायचं

खडीसाखर

आधारच्या झेरॉक्सचा विषय निघाला की चर्चा दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते, नंबर कुणाच्या हाती पडला की खातं साफ. दुसरी म्हणते, नंबर कळून काडीचंही बिघडत नाही. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधे आहे. ती नेमकी कळली तर काय करायचं तेही कळतं, म्हणून हा धागा.

पैसे जातात ते एईपीएसमधून, म्हणजे आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांच्या सोयीतून. गावाकडे बँक मित्राकडे किंवा ग्राहक सेवा केंद्रात लोक 'अंगठा लावून पैसे काढतात', ते हेच. त्याला तीन गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नाही. एका व्यवहाराची मर्यादा १०,००० रुपये आहे. खात्याला आधार जोडलेलं असेल तर बऱ्याच बँकांत ही सोय खातेदाराने न मागताच चालू असते, आणि शहरात एटीएम-यूपीआय वापरणाऱ्या बहुतेकांना ती आपल्या खात्यावर आहे हेच ठाऊक नसतं.

आता या तीन गोष्टी कुठे मिळतात? बँकेचं नाव यादीतून निवडायचं असतं, चोर एकेक करून बघू शकतो. आधार क्रमांक झेरॉक्सवर असतो. ठसा दस्तनोंदणीच्या कागदांवर असतो, कारण नोंदणी कायद्याच्या कलम ३२अ प्रमाणे दस्तावर फोटो आणि बोटांचे ठसे घ्यावेच लागतात आणि हे दस्त पुढे स्कॅन होतात. २०१८ मध्ये तेलंगणात असं प्रकरण उघडकीला आलं होतं: संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांतून ठसे उचलून त्यांच्या रबरी प्रती केल्या आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. त्यानंतर हीच युक्ती एईपीएसमध्ये देशभर दिसली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाने (यूआयडीएआय) ठसा तपासण्याची पद्धत बदलली. फक्त रेषांच्या खुणा न जुळवता बोटाची प्रतिमाही तपासतात, म्हणजे ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली ते कळावं. सुधारणा चांगली आहे, पण ती त्यांच्या हातात आहे. आपल्या हातात आहे ते बायोमेट्रिक लॉक. ते असं करायचं:

मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या ॲपवर क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स' निवडा, संमतीच्या चौकटीत खूण करा, लॉक करा. पाच मिनिटांचं काम. यापुढे बोट, बुबुळ, चेहरा यांपैकी कशानेही तुमची पडताळणी होणार नाही. ओटीपीने होणारी कामं चालूच राहतात. सरकारी योजनेचे पैसे खात्यात येणं थांबत नाही, कारण त्याला तुमचा अंगठा लागत नाही. लाडकी बहीणचे १५०० थांबतील या भीतीने लॉक न करणाऱ्या बायका खूप आहेत. त्यांना हे आवर्जून सांगा.

अंगठा लावायची वेळ आली तर तात्पुरतं अनलॉक करता येतं. १० मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं.

एकच इशारा. त्याच मेनूत 'आधार लॉक' असा वेगळा पर्याय असतो. तो निवडलात तर क्रमांक टाकून होणारी सगळीच पडताळणी बंद होते, ओटीपीचीसुद्धा. मग फक्त १६ अंकी व्हर्च्युअल आयडी (आधार क्रमांकाऐवजी द्यायचा बदली क्रमांक) चालतो आणि कुलूप उघडायलाही तोच लागतो. म्हाताऱ्या माणसांसाठी हा पर्याय घेऊ नका. बायोमेट्रिक लॉक पुरेसं आहे.

चैतू

उत्तम धागा. एक विचारतो: मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर?

खडीसाखर

@चैतू, मग ओटीपी येणार नाही आणि लॉकही होणार नाही. आधार केंद्रावर जाऊन नंबर नोंदवावा लागेल. कागदपत्र काही लागत नाही, माणूस स्वतः हजर हवा. ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये आहे. पावती घ्या. जास्त मागितले तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर तक्रार होते. तिथे गेलातच तर ईमेलही नोंदवून घ्या, कारण प्रत्येक पडताळणीची सूचना ईमेलवर येते आणि ती फुकट आहे. ज्यांच्या घरात आईवडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर आधारला चिकटलेला आहे त्यांनी हे काम पहिलं करावं. बंद झालेले नंबर कंपन्या पुन्हा दुसऱ्याला देतात, हे विसरू नका.

पाटपाणी

ग्राहक सेवा केंद्राच्या बाजूने काही गोष्टी.

अंगठा दोनदा लावायला सांगणं हा सगळ्यांत जुना प्रकार. 'नीट उमटला नाही, परत लावा.' कधी खरंच उमटलेला नसतो: शेतात, भांड्यांत, सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. पण कधी पहिला व्यवहार झालेला असतो आणि दुसरा अंगठा दुसऱ्या व्यवहारासाठी असतो. सिमच्या दुकानातही हेच चालतं, एक सिम तुम्हाला आणि दुसरं परस्पर. ओळखायचं कसं? व्यवहार फसला तरी यंत्रावर कारणासकट संदेश येतो आणि त्याची पावती निघते. 'फसल्याची पावती द्या, मग दुसरा अंगठा लावतो' एवढं म्हणायचं. प्रामाणिक माणूस लगेच देतो.

दुसरं, 'फक्त शिल्लक बघतो' म्हणून अंगठा घेतला तर पडद्यावर काय निवडलंय ते स्वतः बघा. शिल्लक, मिनी स्टेटमेंट आणि पैसे काढणे ही तीन वेगळी बटणं असतात आणि रक्कम लिहायची चौकट फक्त पैसे काढण्याच्या पडद्यावर येते. अंगठा ठेवण्याआधी त्या पडद्यावर रक्कम दिसत असेल तर हात मागे घ्या.

तिसरं, मायआधारवर 'बँक सीडिंग' बघितलं की एकच बँक दिसते आणि लोक समजतात की आपलं आधार तेवढ्याच बँकेत आहे. तसं नाही. ती बँक म्हणजे सरकारी अनुदान जिथे जमा होतं ती. एईपीएस मात्र जिथे जिथे खात्याला आधार जोडलंय त्या प्रत्येक बँकेत चालू शकतं. पगाराचं, पेन्शनचं, जुनं विसरलेलं, सगळी खाती धरा. प्रत्येक शाखेत 'माझ्या खात्यावरील एईपीएस व्यवहार बंद करावेत' असा अर्ज देऊन पोच घ्या. काही बँकांच्या ॲपमध्येच हे बटण आहे.

आता लॉकमुळे काय अडतं तेही ऐका, नाहीतर लोक एकदा अडकले की कायमचं उघडं ठेवतात. रेशनच्या ई-पॉस यंत्रावर लॉक असलेला अंगठा चालत नाही. पण शिधापत्रिकेवरच्या कुणाही एका सदस्याचा अंगठा चालतो. म्हणून ज्याच्या खात्यात मोठी शिल्लक नाही अशा एकाचं बायोमेट्रिक उघडं ठेवायचं आणि बाकी सगळ्यांचं बंद. पेन्शनरांचा हयातीचा दाखला बोटाने किंवा चेहऱ्याने काढतात, त्या दिवशी उघडावं लागतं. भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीतही अंगठा आधारशी ताडतात. एजंट यंत्र जोडून बसतो, अंगठा ठेवला की ३३० क्रमांकाची त्रुटी येते आणि सगळे यंत्राला दोष देतात. ३३० म्हणजे यंत्र ठीक आहे, बायोमेट्रिक लॉक आहे. यंत्र जोडून झालं, तुमचं नाव पडद्यावर आलं, की मगच अनलॉक करा. आधी केलंत तर १० मिनिटं नेटवर्क शोधण्यातच जातात.

तळेगावकर

माहिती चांगली आहे, पण 'कुठे अडवायचं' या सुराशी मी सहमत नाही. गृहनिर्माण संस्थेचं काम बघणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. तीनशे फ्लॅट, रोज येणाऱ्या दीड-दोनशे घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले. चोरी झाली की पोलीस पहिलं विचारतात, 'यादी द्या.' यादी नसली की सेक्रेटरीच्या नावाने बोंब. सभासदही तेव्हा गोपनीयतेबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. झेरॉक्स न घेता ओळख कशी पटवायची? नुसतं नाव सांगितलं आणि ते खोटं निघालं तर?

ओसरी

@तळेगावकर, प्रश्न रास्त आहे. कायद्याने उत्तर दिलेलं आहे, आपण वाचलेलं नसतं इतकंच.

आधार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ८अ आलं. ते ऑफलाइन पडताळणीबद्दल आहे, म्हणजे सर्व्हरला न विचारता, फक्त कागद किंवा क्यूआर बघून ओळख पटवणं. ते करू इच्छिणारी कोणतीही संस्था त्याच्या कक्षेत येते. त्यात तीन गोष्टी आहेत. समोरच्याची संमती घ्यायची. आधारऐवजी दुसरं काय चालेल ते सांगायचं. आणि आधार क्रमांक गोळा करायचा नाही, वापरायचा नाही, साठवायचा नाही. सोसायटीच्या कपाटात दीडशे आधार क्रमांकांची फाइल ठेवणं या तिसऱ्या अटीत बसत नाही.

मग ओळख कशी पटवायची? झेरॉक्सने तर अजिबात पटत नाही. झेरॉक्सवरचा फोटो काळा गोळा असतो आणि नाव बदलून छापलेली झेरॉक्स कुठल्याही दुकानात निघते. त्यापेक्षा आधारवरचा क्यूआर प्राधिकरणाच्या स्कॅनर ॲपने वाचा. त्यातली माहिती डिजिटल सहीने बांधलेली असते. नाव, फोटो, पत्ता पडद्यावर येतो आणि खोटा असेल तर तिथेच कळतं. वहीत नाव, कामाचं घर, कोणतं ओळखपत्र बघितलं, त्याचे शेवटचे चार अंक, तारीख आणि बघणाऱ्याची सही लिहा. पोलिसांना द्यायला यादी झाली, ती झेरॉक्सच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त भरवशाची झाली आणि फाइल सांभाळायची जोखीमही गेली.

चारित्र्य पडताळणी हवी असेल तर ती पोलीस करतात, कागद त्यांच्याकडे जाऊ द्या.

आणि हे मनापासून सांगतो: ज्या बाईची झेरॉक्स आपण मागतो तिला 'नाही' म्हणायची सोय नसते. डॉक्टर किंवा इंजिनिअर पाहुणा आला की आपण त्याचा फक्त मोबाइल नंबर लिहून घेतो. माहिती उघडी पडली तर सगळ्यांत जास्त तिचं जातं, कारण अंगठ्याने पैसे काढणारी तीच असते आणि तिच्या खात्यावर एईपीएस चालू असतंच.

मोगरा_बाग

+१ ओसरी.

मास्क केलेल्या आधारबद्दल. मायआधारवरून पीडीएफ उतरवताना 'मास्क्ड' वर खूण केली की पहिले आठ अंक झाकलेले येतात, शेवटचे चार दिसतात. पासवर्ड: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. यामुळेच ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवून 'पासवर्ड आहेच की' म्हणण्यात अर्थ नाही. नाव आणि वय माहीत असलेला कुणीही ती उघडतो. प्रिंट काढून द्या, नाहीतर समोर उघडून दाखवा.

जुनी कार्डं असलेल्यांनी हे नीट वाचा. २०१८ च्या आधीच्या बऱ्याच आधार पत्रांवरचा क्यूआर साधा होता. त्यात पूर्ण १२ अंकी क्रमांक, नाव, पत्ता उघड्या मजकुरात होता. फोनमधल्या कुठल्याही स्कॅनरने तो वाचता येतो. तुम्ही पेनाने पहिले आठ अंक काळे केले आणि क्यूआर तसाच ठेवला तर काहीच झाकलेलं नाही. नव्या क्यूआरमध्ये पूर्ण क्रमांक नसतो, शेवटचे चारच असतात. आपलं कार्ड कोणतं ते साध्या स्कॅनरने बघा: वाचता येणारा इंग्रजी मजकूर आला तर जुनं, नुसती आकड्यांची लांबलचक माळ आली तर नवं. जुनं असेल तर नवीन पीडीएफ उतरवा आणि त्या जुन्या कार्डाच्या झेरॉक्स देणं थांबवा.

फोनवर फोटोत अंक खोडताना हायलायटर वापरू नका. अर्धपारदर्शक रंगाखालचे अंक उजेड वाढवला की दिसतात. भरीव चौकोन ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. पीडीएफवर नुसता काळा चौकोन टाकला तर त्याखालचा मजकूर कॉपी करता येतो, तेही लक्षात असू द्या.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख. समासात लिहू नका, समास कापून टाकता येतो. फोटोच्या कडेवरून आणि पत्त्यावरून ओळ जाऊ द्या, पण नाव वाचता येईल असं बघा, नाहीतर परत मागतात.

चैतू

पण हे सगळं दाखवूनही काउंटरवरचा माणूस 'मास्क चालत नाही, फुल आधारच पाहिजे' म्हणतो. तेव्हा?

ओसरी

कोण म्हणतोय त्यावर आहे.

बँक असेल तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत सहा कागदपत्रं चालतात: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉबकार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र आणि आधार असल्याचा पुरावा. सोबत पॅन, किंवा पॅन नसेल तर फॉर्म ६०. आधारचा कागद दिला आणि ऑनलाइन पडताळणी करायची नसेल तर क्रमांक झाकलेला आहे हे बघणं बँकेचीच जबाबदारी आहे. म्हणजे पूर्ण नंबर मागणारा कारकून स्वतःच्या बँकेचा नियम मोडतोय. शांतपणे सांगा, 'तुम्ही मास्क नाकारताय असं अर्जावर लिहून सही द्या.' बहुतेक वेळा मास्क चालतं.

सरकारी अनुदान असेल, म्हणजे आधार कायद्याच्या कलम ७ ची योजना, तर तिथे आधार सक्तीचं करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते मान्य केलं, पॅनशी जोडणीही मान्य केली. तिथे भांडून उपयोग नाही.

लॉज, जिम, क्लास, ऑफिसचं गेट असेल तर दुसरं कुठलंही फोटो ओळखपत्र पुढे करा. वाहन परवाना सगळ्यांत सोयीचा, कारण त्याला बँक खातं चिकटलेलं नाही.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात, त्यावर मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सूचना दिली आहे की नंबर दिला नाही म्हणून सेवा नाकारू नये. 'नंबर नाही देणार' एवढं पुरतं.

शाळामास्तर

शाळांचं वेगळं लिहायला हवं. पालक चिडतात आणि शिक्षकांवर राग काढतात, पण दबाव कुठून येतो ते बघा. महाराष्ट्रात संचमान्यतेला, म्हणजे किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षकांची पदं मंजूर करायची या हिशोबाला, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांची संख्या जोडली गेली. नावात एक वेलांटी चुकली आणि पोर्टलवर मूल 'इनव्हॅलिड' झालं तर ते मूल वर्गात बसलेलं असूनही हिशोबात राहत नाही. पटाच्या काठावरच्या शाळेत तेवढ्याने एक पद जातं. म्हणून मास्तर घरी येऊन आधार दुरुस्त करा म्हणून विनवतात.

पण कायदा स्पष्ट आहे. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा शाळाप्रवेश नाकारता येत नाही, २०१८ च्या निकालात ते लिहिलेलं आहे. 'अपार' या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकासाठी पालकांचं संमतीपत्र घेतात, आणि ते संमतीपत्र आहे म्हणजे नाही म्हणता येतं. नको असेल तर लेखी कळवा आणि पोच ठेवा. कोरं संमतीपत्र 'नंतर भरू' म्हणून सही करून देऊ नका.

मुलांचं आधार असेल तर बोटांचे ठसे ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. पाचाच्या आत काढलेल्या आधारात ठसेच नसतात. आणि फार थोड्यांना माहीत असलेली तरतूद: लहानपणी काढलेलं आधार १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत रद्द करायचा हक्क त्या मुलाला आहे. आधार कायद्याचं कलम ३अ.

तळेगावकर

ओसरींचं वहीचं म्हणणं पटलं. क्यूआरने बघून शेवटचे चार अंक लिहायचे, हे रखवालदारालाही जमेल. पण एक मुद्दा सोडत नाही. आधारमुळे रेशनमधली आणि अनुदानातली बोगस नावं उघडी पडली, पैसे दलालांच्या हातून सुटून थेट खात्यात यायला लागले. सगळ्या व्यवस्थेकडेच संशयाने बघणं बरोबर नाही.

ओसरी

थेट खात्यात पैसे येणं ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, ते गरिबाला त्याचा हक्क मिळावा म्हणूनच. माझा आक्षेप त्यानंतर हातपाय पसरत गेले त्यावर आहे.

क्रम बघा. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ मध्ये आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा भाग न्यायालयाने रद्द केला, बँक खातं आणि सिमला आधार सक्तीचं करणं रद्द केलं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बँका आणि टेलिकॉमसाठी तो 'ऐच्छिक' म्हणून परत आणला. ३१ जानेवारी २०२५ ला नियमांत बदल करून खासगी संस्थांनाही मंत्रालयामार्फत मंजुरी घेऊन आधार पडताळणी मागायची वाट करून दिली. १ जुलै २०२५ पासून नवीन पॅनसाठी आधार पडताळणी आली, ऑनलाइन तत्काळ रेल्वे तिकिटासाठीही आली. प्रत्येक पायरी वेगवेगळी बघितली तर सोयीची वाटते. न्यायालयाने बंद केलेलं दार खिडक्यांतून उघडत गेलं आहे.

कायद्यात कलम ४(६) आजही आहे: पडताळणीला नकार दिला किंवा ती जमली नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही, पर्याय सांगावा लागतो. किती काउंटरवर हा पर्याय लिहिलेला दिसतो? ऐच्छिक म्हणायचं आणि फॉर्ममध्ये दुसरी चौकटच ठेवायची नाही, हीच खरी सक्ती आहे.

संस्था मागे हटते तेव्हा बहुतेकदा लोक बोलले म्हणून हटते. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने सगळ्या नव्या फोनमध्ये संचार साथी हे आपलं ॲप आधीच टाकून देण्याचे आदेश काढले. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. उलट उदाहरण: २७ मे २०२२ ला प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क वापरा' असं पत्रक काढलं होतं. लोकांच्या हिताचा सल्ला होता. गैरसमज होतो म्हणून दोन दिवसांत तो मागे घेतला आणि 'नेहमीची काळजी घ्या' म्हणून सांगितलं. नेहमीची काळजी म्हणजे नेमकी काय, ते या धाग्यावर आपण लिहीत बसलोय.

आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंड २५० कोटींपर्यंत आहे, ठीक. पण कलम १७ खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदलून व्यक्तिगत माहितीच्या नावाखाली नकार देणं सोपं केलं. नागरिकाची माहिती सरकारला जास्त आणि सरकारची माहिती नागरिकाला कमी, असा तोल झाला आहे. मला हे धोक्याचं वाटतं आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे.

मोगरा_बाग

अवांतर: संचार साथी सक्तीने नको, पण त्याच्या संकेतस्थळाचा एक उपयोग जरूर करा. आपल्या ओळखीवर किती सिम चालू आहेत ते तिथे ओटीपीने दिसतं. ॲप टाकायची गरज नाही. ओळखीचा नसलेला नंबर असेल तर 'माझा नंबर नाही' निवडून तक्रार टाका. मर्यादा एका माणसाला नऊ सिमची आहे, म्हणजे दुकानदाराने परस्पर काढलेलं दहाव्यापर्यंत कुठेच अडकत नाही.

दूरदेशी

परदेशात राहणाऱ्यांसाठी: ओटीपी भारतातल्या नोंदवलेल्या सिमवर येतो. ९० दिवस वापर नसलेलं, शिल्लक संपलेलं सिम कंपनी बंद करू शकते आणि मग लॉक-अनलॉक दोन्ही हातातून जातं. सुट्टीला आलात की पहिल्या आठवड्यातच बायोमेट्रिक लॉक करून टाका, व्हर्च्युअल आयडी काढून ठेवा आणि सिमचं रिचार्ज चालू ठेवा. एनआरओ खात्याला आधार जोडलेलं असेल तर तिथे एईपीएस चालू आहे का, ते बँकेला लेखी विचारा. तुम्ही भारतात नसताना तुमचा अंगठा तिथे लागण्याचं काहीच कारण नाही, हे वाक्य अर्जात घाला.

चैतू

शेवटचा प्रश्न. सगळी काळजी घेऊनही पैसे गेले तर पहिल्या तासात काय करायचं?

पाटपाणी

क्रमाने करा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात पोचून तिथून बाहेर पडायच्या आत रोखायचे असतात. बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ तयार ठेवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

लगेच बायोमेट्रिक लॉक करा. एकदा १०,००० गेले की थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होतो, त्याच किंवा दुसऱ्या बँकेत.

मायआधारवर 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' उघडा. मागच्या सहा महिन्यांतल्या ५० नोंदींपर्यंत दिसतात. तारीख, वेळ, बोट की ओटीपी, कोणत्या संस्थेने विचारलं, यशस्वी की नाही, सगळं असतं. पैसे गेले त्या वेळेची नोंद शोधा, तिची प्रिंट काढा. त्या वेळी तुम्ही दुसरीकडे होतात याचा पुरावा जोडा: ऑफिसची हजेरी, टोलची पावती, काहीही.

त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार आणि पोच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत भुर्दंड, शून्य शिलकीच्या खात्याला ५,००० पर्यंत. सातच्या पुढे गेलात तर बँकेचं धोरण काय म्हणेल ते. म्हणून दिवस मोजा. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो.

बँकेचं ठरलेलं उत्तर येईल: 'अंगठा जुळला आहे, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला.' हे मान्य करू नका. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकात बँकेवर टाकली आहे. अर्जात या गोष्टी मागा: व्यवहार क्रमांक, टर्मिनल क्रमांक, कोणत्या बँकेच्या कोणत्या केंद्रावरून पैसे निघाले, केंद्र कुठल्या गावात आहे, चालकाची नेमणूक कुणी केली. केंद्र दोनशे किलोमीटर लांबचं निघालं आणि तुमची हजेरी इथे असली की प्रकरण तिथेच मोकळं होतं. केंद्रचालकांची नीट तपासणी करा असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना बजावलेलं आहे, त्याचाही उल्लेख करा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. फी नाही, वकील लागत नाही. बँकेची पोच, ऑथेंटिकेशन हिस्ट्रीची प्रिंट आणि १९३० चा क्रमांक जोडा.

एक राहिलं. बँकेत नोंदवलेला मोबाइल आणि आधारला नोंदवलेला मोबाइल हे दोन वेगळे असू शकतात. पैसे काढल्याचा संदेश बँकेतल्या नंबरवर येतो. तो जुना असेल तर ते तीन दिवस पासबुक भरायला जाईपर्यंत कळतच नाहीत. आईवडिलांच्या पासबुकावर कोणता नंबर छापलाय, तो आज उघडून बघा.

तळेगावकर

वहीचे रकाने ठरवले, काही चुकलं तर सांगा: तारीख, नाव, कोणत्या फ्लॅटमध्ये काम, मोबाइल, बघितलेलं ओळखपत्र, शेवटचे चार अंक, क्यूआर वाचला होय/नाही, बघणाऱ्याची सही. जुनी झेरॉक्सची फाइल कमिटीच्या बैठकीत ठराव करून नष्ट करायची.

ओसरी

'मोबाइल'च्या पुढे 'द्यायचा असल्यास' लिहा. फाइल रद्दीत देऊ नका, श्रेडरमधून काढा, ज्यांची झेरॉक्स आहे त्यांना परत हवी असेल तर आधी द्या. कुणी ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली असेल तर ग्रुपमधूनही काढायला लावा आणि सेक्रेटरींच्या फोनच्या गॅलरीतूनही.

तळेगावकर

बरोबर. ठरावात दोन्ही घालतो.